लागला का रे?

चषक तसा काही फार मोठा नव्हता. चहाच्या किटलीएवढा असेल, आणि त्याचा एक कान आधीच्या कुठल्यातरी विजेत्यांनी पाडून वाकवून ठेवलेला. पण गेला आठवडाभर तो चष्मेवाल्याच्या दुकानात, फ्रेमांच्या काचेच्या कपाटावर बसला होता, आणि तेवढ्या आठवड्यात चष्मेवाल्यानं एकदाही मान वर करून तिकडे बघितलं नव्हतं. गिऱ्हाईक कौतुकानं विचारायचं, "हे कसलं बक्षीस हो?" की हा म्हणायचा, "पूलचं. आमच्या संघाला मिळालं," आणि लगेच, "फ्रेम कानामागं टोचत नाही ना?"

एरवी हाच माणूस पूलच्या, म्हणजे काठीनं टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायच्या त्या खेळाच्या, गप्पा निघाल्या की दुकान बंद करायचं विसरायचा. अकरा वर्षं तो आणि त्याचे चार सवंगडी लीग खेळत होते, आणि अकरा वर्षं दर मोसमाच्या शेवटी दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होते. यंदा जिंकले. संघाचा कप्तान लाँड्रीवाला. त्यानं ठरवलं, चषक प्रत्येकाकडे आठवडा आठवडा राहील, आणि पहिला मान चष्मेवाल्याचा. का? तर शेवटचा, निर्णायक डाव त्यानं काढला होता. काढला म्हणजे कसा काढला, ते मात्र एकट्या त्यालाच ठाऊक होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.

तो डाव झाला घड्याळमास्तरांशी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बाजारात जिन्याखालच्या खोपटात बसून घड्याळं दुरुस्त करणारे, साठी ओलांडलेले, काडीपैलवान गृहस्थ. पण लीग चालायची त्या हॉलमधल्या निम्म्याअधिक लोकांना, चष्मेवाल्यालासुद्धा, पूल त्यांनी शिकवला, म्हणून मास्तर. आणि नेम शिकवायच्या आधी ते वागणं शिकवायचे. समोरचा खेळायला वाकला की आपण हलायचं नाही. त्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही. खडू टेबलाच्या कडेवर उताणा ठेवायचा, पालथा नाही. बाही दुमडल्याशिवाय टेबलावर वाकायचं नाही. हरलो तर हात आधी आपण पुढे करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाऊल आपला आपण सांगायचा.

आता बघा, या हौशी लीगला पंच कुठून येणार? रविवारी दुपारी जेवून आलेली माणसं, पाच टेबलं, आणि काउंटरवर हॉलवाल्या बाई. कुणाचा हात, काठी किंवा कपडा कुठल्याही बॉलला लागला तर तो फाऊल. मग समोरच्यानं पांढरा बॉल उचलायचा आणि हवा तिथं ठेवून खेळायचं. लागला की नाही, हे खेळणाऱ्यालाच कळतं, आणि त्यानं सांगितलं तेच खरं. अगदीच बारीक काम असलं तर तिसऱ्या माणसाला बघायला बोलवायची मुभा होती. बरेच जण बोलवायचेही. मास्तरांनी मात्र आयुष्यात कधी कुणाला बोलावलं नव्हतं. "ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही त्याच्याशी खेळायचं तरी कशाला?" असं म्हणायचे. "त्यापेक्षा घरी बसावं, चहा प्यावा."

अंतिम सामन्यात दोन्ही संघांनी दोन-दोन डाव जिंकले आणि पाचवा डाव या दोघांवर आला. लाँड्रीवाल्यानं संघाला नवेकोरे शर्ट शिवले होते, लांब बाह्यांचे, खळ घालून कडक इस्त्री केलेले. "फोटो निघेपर्यंत बाह्या चुरगळल्यात तर याद राखा," असा दमही भरला होता. चष्मेवाल्याच्या उजव्या बाहीचं बटण सकाळीच तुटलं होतं. बायको म्हणाली होती, "दोन मिनिटं थांबा, लावून देते." हा थांबला नाही. बाही दुमडलीही नाही, कारण फोटो.

मास्तरांचे दोनच बॉल उरले होते, दोन्ही पॉकेटच्या तोंडाशी, नुसती फुंकर मारली तरी जातील असे. चष्मेवाल्याचा एक उरला होता आणि मग काळा, जो शेवटी घातला की डाव जिंकला. त्याची पाळी होती. चुकला तर संपलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पांढऱ्यापर्यंत पोचायला त्याला मास्तरांच्या एका बॉलवरून हात न्यावा लागला. तो वाकला, नेम धरला, आणि काठी पुढे ढकलण्याच्या ऐन क्षणी ती सुटी बाही खाली लोंबली आणि बॉलला घासली. बॉल तिळाएवढा सरकला. मनगटाला ते कळलं. काठी थांबली नाही, त्याचा बॉल गेला.

"लागला का रे?" मास्तरांनी खुर्चीतूनच विचारलं. आवाजात संशय नव्हता. वेळ विचारावी तसं विचारलं.

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

एवढंच. विचार करून म्हणाला असंही नाही. तोंडातून शब्द गेला आणि त्याच्यामागं धावायला पाय उरले नाहीत. मास्तर "बरं" म्हणाले. चष्मेवाल्यानं काळा घातला, चौघांनी त्याला उचलून घेतलं, फोटो निघाला. त्या आधी मास्तर उठून आले होते, हात पुढे करून. "छान खेळलास," म्हणाले, आणि जाताना एकवार टेबलाकडे वळून बघत चष्मा काढून रुमालानं पुसला.

तेव्हा त्या पुसण्याचा अर्थ चष्मेवाल्याला कळला नाही. तो कळला आठवड्यानं, शनिवारी सकाळी, मास्तर दुकानात येऊन उभे राहिले तेव्हा. चषक कपाटावर होताच.

"अरे, माझे डोळे तपास जरा," मास्तर म्हणाले.

चष्मेवाल्यानं हातातली फ्रेम खाली ठेवली. "का हो मास्तर? काय झालं?"

"काय सांगू! त्या दिवशी तू वाकलास ना, तेव्हा माझा बॉल हलताना मला दिसला. चांगला स्वच्छ दिसला. पण तू म्हणालास लागला नाही. म्हणजे मला भास झाला. तेव्हापासून मनात किडा वळवळतोय. परवा एका घड्याळाचा बारीक स्क्रू हातात धरला आणि विश्वासच बसेना, की हा खरंच तिथं आहे का मला नुसता दिसतोय. असं कसं काम करायचं?"

आता हा माणूस "तू खोटं बोललास का?" असं विचारता, तर चष्मेवाल्यानं कदाचित कबूल तरी केलं असतं, नाहीतर चिडून भांडला तरी असता. पण ते त्यांच्या मनाच्या पायरीवरसुद्धा आलं नव्हतं. दोन पर्याय होते, आपले डोळे आणि शिष्याचा शब्द, आणि त्यांनी सरळ डोळ्यांना गुन्हेगार ठरवलं होतं.

चष्मेवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवलं. तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली, एक डोळा झाकला, तक्ता दाखवला. मास्तरांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. दुसरा डोळा. तीच ओळ, उलट्या क्रमानं, गंमत म्हणून. जवळचं वाचायला दिलं, त्यातली मुंगीएवढी अक्षरंसुद्धा अडखळली नाहीत. जुन्या चष्म्याचा नंबर तंतोतंत बरोबर होता. या वयात इतके चांगले डोळे त्यानं वर्षभरात पाहिले नव्हते.

"काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

इथं सांगायचं होतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, दार लोटलेलं होतं, दोन वाक्यांचं काम. चष्मेवाल्यानं काचा एकेक करून पेटीत लावल्या. डोळे ठणठणीत आहेत म्हणावं, तर पुढचा प्रश्न कोणता येणार ते त्याला दिसत होतं. आणि जीभ आपली आपणच वळली.

"नंबर तोच आहे," तो म्हणाला. "पण वय झालं की होतं हो असं कधीकधी. क्षणभर काहीतरी हलल्यासारखं वाटतं."

"असं होय," मास्तर म्हणाले. मग हसून म्हणाले, "तुझ्याकडे आलो ते बरं केलं. दुसऱ्यानं उगाच नवा चष्मा गळ्यात मारला असता."

पहिलं खोटं नुसतं तोंडातून निसटलं होतं. हे दुसरं त्यानं हातानं घडवून, घासूनपुसून दिलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती. शरम वाटायला हवी ती वाटलीच. मास्तर गेल्यावर त्यानं चषक कपाटावरून काढून कपाटाखाली ठेवला, पालथा.

रविवारी हॉलमध्ये सराव होता. लाँड्रीवाला नाचतच आला. "ऐकलंत का? मास्तर पुढच्या मोसमात खेळणार नाहीत. डोळे गेले म्हणे. सुंठीवाचून खोकला गेला!" मग चष्मेवाल्याच्या पाठीत थाप. "तूच तपासलेस ना लेका? असाच आमच्या उपयोगी पडत जा." बाकीचे हसले. चष्मेवाल्यालाही हसावं लागलं. त्या दिवशी त्यानं सहा डाव खेळले आणि सहाही हरला.

पुढचे पंधरा दिवस त्यानं मूग गिळून काढले. मनाची समजूत घालायला माणूस किती हुशार असतो! कधी वाटायचं, मास्तरांनी आता विश्रांती घ्यावीच की. कधी वाटायचं, एका बाहीनं काय होतंय, बॉल तिळाएवढा तर हलला. आणि मग जेवताना हात थांबायचा.

गुरुवारी संध्याकाळी बायको बाजारातून आली आणि पिशवीतून एक छोटं घड्याळ काढून तिनं टेबलावर ठेवलं. तिच्या आईचं होतं ते, सोन्याच्या पाण्याचं, नखाएवढ्या तबकडीचं. आई गेल्यापासून बंद होतं, आणि महिन्यापूर्वी तिनं ते मोठ्या मिनतवारीनं मास्तरांकडे टाकलं होतं.

"झालं दुरुस्त?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"परत दिलं. म्हणाले, बारीक काम आता घेत नाही. सगळ्यांची घड्याळं परत करतायत हो. भिंतीवरची मोठी तेवढी ठेवलीत, आणि महिनाअखेरीला तीही बंद, खोपटं सोडणार म्हणाले." ती समोर बसली. "वर मलाच म्हणाले, वहिनी, तुमच्या यजमानांनी वेळेवर सांगितलं म्हणून, नाहीतर एखाद्याच्या घड्याळाचं वाटोळं केलं असतं. अहो, काय झालंय त्यांच्या डोळ्यांना? मला रस्त्यापलीकडून ओळखलं त्यांनी."

"काही नाही झालं," चष्मेवाला म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही झालं. डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत त्यांचे." आणि मग बांध फुटला. बटणापासून तक्त्यापर्यंत सगळं सांगून टाकलं, न थांबता, तिच्याकडे न बघता.

बायकोला पूलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती त्या काठीला काठीच म्हणायची आणि रविवारच्या लीगला "तुमची गोट्यांची शाळा" म्हणायची. पण बटणाचं तिला बरोबर कळलं.

"दोन मिनिटं थांबा म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "बटण लावून देते म्हटलं होतं." आणि ते घड्याळ उचलून तिनं त्याच्या हातात ठेवलं. "हे परत नेऊन द्या. आणि दुरुस्त होत असेल तरच घरी या."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो जिन्याखाली पोचला. मास्तर स्टुलावर बसून हत्यारं पुसत होते. चिमटे, नखाएवढे पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं एका फडक्यावर ओळीनं मांडलेलं. बांधायला घेतलं होतं हे उघड होतं. भिंतीवरची घड्याळं निम्मी उतरवलेली, त्यांच्या जागी फिकट गोल उरलेले.

"ये रे," मास्तर म्हणाले. "बस."

तो बसला नाही. बसलो तर पुन्हा जीभ वळेल याची त्याला भीती होती. "मास्तर, लागला होता."

"काय?"

"बॉल. माझी बाही लागली होती. हलला होता. तुम्हाला दिसलं ते खरंच होतं. आणि डोळ्यांना तुमच्या काहीही झालेलं नाही. तेही मी खोटंच बोललो."

मास्तरांचा हात फडक्यावर थांबला. भिंतीवरची उरलेली घड्याळं आपापल्या चालीनं टिकटिकत होती. चष्मेवाल्याला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडावेत असं वाटलं. एक मुस्काटात दिली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

"तीन आठवडे," मास्तर हळूच म्हणाले. "तीन आठवडे मी या डोळ्यांना शिव्या देतोय. रात्री दिवा लावून हाताची बोटं मोजून बघायचो, पाचच दिसतात ना म्हणून. पण तुझं नाव एकदाही मनात आलं नाही रे."

"चुकलो मास्तर. माफ करा."

"हातात काय आहे?" मास्तर म्हणाले. त्यानं बायकोचं घड्याळ पुढे केलं. मास्तरांनी भिंग उचललं, डोळ्यात बसवलं, नखानं मागचं झाकण काढलं आणि दिव्याखाली धरलं. चिमटा आत गेला आणि एक केसाएवढी स्प्रिंग अलगद वर आली. हात तसूभरही हलला नाही. असे ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे. भिंगाखालून पाण्याचा एक थेंब ओघळून मिशीत गेला, तो त्यांनी पुसला नाही.

"मंगळवारी घेऊन जा," ते म्हणाले. "जा आता. उजेड अडवतोयस."

घड्याळ मंगळवारी चालू होऊन आलं. उतरवलेली घड्याळंही पुन्हा भिंतीवर चढली. चष्मेवाल्यानं संघाला सांगितलं तेव्हा लाँड्रीवाल्यानं आकाशपाताळ एक केलं. "अरे, अकरा वर्षांनी मिळालं होतं! तुझ्या एका बाहीपायी आमच्या तोंडाला काळं!" पण चषक हॉलवाल्या बाईंकडे गेला. मास्तरांच्या संघाला देऊ केला, तर मास्तर म्हणाले, "खेळून जिंकलेला नाही, नको." चषकावर विजेत्यांची नावं कोरतात, त्या ओळीत त्या वर्षाची जागा कोरीच राहिली.

नवा मोसम सुरू झाला. चौथ्याच रविवारी दोन्ही संघ समोरासमोर आले आणि लाँड्रीवाल्यानं मुद्दाम म्हणा, रागानं म्हणा, चष्मेवाल्याला मास्तरांसमोर उभं केलं. चष्मेवाल्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या, थंडी असूनही. त्यानं हात पुढे केला. मास्तरांनी तो घेतला, नीट दाबला. "खेळ चांगला," म्हणाले.

मास्तर झकास खेळले. नेहमीचं सगळं वागणं जागच्या जागी होतं. हा वाकला की ते पुतळ्यासारखे बसायचे. खडू उताणा. चांगला फटका बसला की काठीचं बूड जमिनीवर दोनदा हळूच आपटून दाद. चष्मेवाल्याच्या छातीवरचं ओझं हळूहळू उतरायला लागलं. वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

मग पांढरा बॉल मास्तरांच्या एका बॉलला जवळजवळ चिकटून थांबला. पाळी चष्मेवाल्याची. हात त्या बॉलच्या अगदी अंगावर टेकवल्याशिवाय फटका मारता येणार नव्हता. त्यानं दुमडलेली बाही आणखी एकदा वर ढकलली आणि वाकला.

"जरा थांब हं," मास्तर म्हणाले.

तो थांबला. मास्तर खुर्चीतून उठले, काउंटरकडे वळले, आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "बाई, जरा इकडे येऊन बघता का? बारीक आहे."

हॉलमधली पाचही टेबलं थांबली. बाईंच्या हातातला कप हातातच राहिला. त्यांना वाटलं, आपण चुकून काहीतरी ऐकलं. मग त्या चपला ओढत आल्या आणि टेबलाच्या कडेला उभ्या राहिल्या. चष्मेवाल्यानं रीतीप्रमाणे बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली. मुभा होती. नियमात होतं. कुणालाही बोलावता यायचं.

तो पुन्हा वाकला. काठी सुटता सुटता करंगळी मास्तरांच्या बॉलला लागली. अगदी निसटती. बॉल हललासुद्धा नसेल.

"लागला," तो लगेच म्हणाला, मोठ्यानं, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं. "मास्तर, फाऊल. माझी करंगळी लागली."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते बाईंकडे वळले.

"लागला का हो?"

"हो," बाई म्हणाल्या. "लागला."

तेव्हा मास्तरांनी पांढरा बॉल उचलला.